नव्या टबातलं पानक

रामनवमीला म्हैसुरातल्या आमच्या बोगादीच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, त्रेचाळीस माणसांना उलट्या झाल्या, आणि त्या माझ्यामुळे झाल्या. हे आधीच सांगून टाकते. त्या वेळी हे एवढं एक वाक्य तोंडातून बाहेर काढायला मला नऊ दिवस लागले होते.

मी रजनी. एकतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं, आता निवृत्त. आमचं घराणं चार पिढ्यांपासून म्हैसूरचं. घरात मराठी बोलतो, पण राग आला की कन्नडच तोंडात येतं. लेआउटमध्ये मला सगळे ‘मिस’ म्हणतात. ज्यांना मी कधी शिकवलं नाही तेही, भाजीवालाही. मला ते ऐकायला आवडतं, नाही कशाला म्हणू.

गेल्या आषाढात माझे यजमान, विश्राम, गेले. लोकांनी मला रडवायचा खूप प्रयत्न केला. रडू आलं नाही. दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल आपलाच असतो, पण चावला तरी कळत नाही, तसं माझं झालंय. जेवते, झोपते, पेपर वाचते. कुणी काही विचारलं तर बरोबर उत्तर देते.

लेआउटच्या बागेत रामनवमीचा उत्सव होतो आणि त्याचं पानक बावीस वर्षं आमच्या घरचं. गूळ, लिंबू, सुंठ, वेलची, मिरी यांचं गार सरबत. आमच्याकडे त्यासाठी सासूबाईंचा तांब्याचा मोठा हंडा आहे. फाल्गुन लागला की विश्राम तो हंडा स्कूटरवर दोन पायांच्या मधे धरून बन्नीमंटपाजवळच्या एका कल्हईवाल्याकडे न्यायचे आणि आतून पांढराशुभ्र करून आणायचे. मी कधी बरोबर गेले नाही. कल्हईवाल्याचं नावही मला माहीत नव्हतं.

यंदा हंडा माळ्यावरून काढला तर आत कल्हई गेलेली, लालसर तांबं दिसत होतं. उघड्या तांब्यात लिंबू म्हणजे विष, एवढं शहाणपण मला होतं. नुसतं होतं असं नाही, मी ते नागरत्नाला दहा मिनिटं ऐकवलंसुद्धा.

नागरत्ना सकाळी माझ्याकडे स्वयंपाकाला येते. पंचेचाळिशीची, बोलायला कमी. बाकीचा दिवस ती लेआउटमधल्या बारशांना, डोहाळजेवणांना, वास्तुशांतींना पदार्थ करून देते. तिचा पुळियोगरे, म्हणजे चिंचेचा भात, आणि तिची कोसंबरी, म्हणजे भिजवलेल्या मूगडाळीत काकडी, खोबरं घालून वर फोडणी, याशिवाय आमच्याकडे कार्य होत नव्हतं. तिची मुलगी शरण्या माझी विद्यार्थिनी. तिला दहावीला मी घरी बसवून शिकवलं. आता मंगळूरला हॉस्टेलवर राहून बीएस्सी करते.

तर हंडा बाद झाला. मंडपवाल्याकडे स्टीलची मोठी पातेली भाड्याने मिळतात, पण त्यांत काल कुणी बिर्याणी शिजवली असेल कोण जाणे. नैवेद्याला घरचं भांडं हवं, नाहीतर कोरं हवं, हा आमच्या घरचा नियम. मी हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि साठ लिटरचा नवाकोरा टब घेऊन आले. आतून-बाहेरून पांढरा, चकचकीत. दुकानदार म्हणाला, “जी.आय. आहे, मिस. गंजायचं नाव घेणार नाही.”

आता हे नीट सांगते. जी.आय. म्हणजे लोखंडाच्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा. गंज लागू नये म्हणून. हे वाक्य मी एकतीस वर्षं फळ्यावर लिहिलं. त्याच्या पुढच्या धड्यात जस्ताचा तुकडा आम्लात टाकायचा, बुडबुडे दाखवायचे, परीक्षानळीच्या तोंडाशी जळती काडी नेऊन ‘पॉप’ आवाज ऐकवायचा, हेही एकतीस वर्षं केलं. पण त्या दुकानात मी विज्ञानाची बाई म्हणून उभी नव्हते. सासूबाईंच्या स्वयंपाकघरातली बाई म्हणून उभी होते. आतून पांढरं ते कल्हईचं आणि कल्हईचं ते आंबटाला चालतं, एवढंच मी जन्मभर पाहत आले होते. त्या टबाची चमक बघून मला बरंसुद्धा वाटलं. विश्रामशिवाय जमलं म्हणून.

रामनवमीच्या आदल्या संध्याकाळी मी आणि नागरत्ना लिंबं पिळायला बसलो. दरवर्षी मी हे पहाटे उठून करते, यंदा गुडघे ऐकत नव्हते. आमचं बोलणं कन्नडमध्येच चालतं. टबात रस ओतायच्या आधी ती थांबली.

“मिस, आमच्या गावाकडे असल्या बादलीत ताकसुद्धा ठेवत नाहीत. आंबट चालत नाही म्हणतात.”

“ती जुनी गंजकी बादली असेल. हा कोरा आहे. आत बघ कसा पांढरा आहे, कल्हईसारखा.”

“सरि, मिस.”

सरि म्हणजे बरं. तिने रस ओतला. मी झाकण घातलं.

नैवेद्याची चव घ्यायची नसते. नैवेद्य झाल्यावर घेता आली असती, पण मला साखर आहे, मी गुळाच्या वाटेला जात नाही. नागरत्ना घरी जाऊन पहाटेपासून कोसंबरीच्या मागे लागली होती. म्हणजे ते पानक दुसऱ्या दिवशी बाराला लोकांच्या पेल्यात पडेपर्यंत एका माणसाने चाखलेलं नव्हतं. ऊन रणरणत होतं. लोकांनी दोन-दोन, तीन-तीन पेले घेतले. आमच्या शेजारचे हयग्रीवराव, वय ब्याऐंशी, पेला खाली ठेवत म्हणाले, “यंदा सुंठ जास्त झाली की काय, मिस? घसा धरतोय.”

“पित्त असेल तुम्हाला,” मी म्हटलं. मी अशीच बोलते.

पहिली उलटी साडेबाराला झाली. एकापर्यंत बागेच्या कुंपणाशी रांग लागली होती. पोटात मुरडा, घाम, हातपाय गार. मुलं रडत होती. आमच्या असोसिएशनचा सेक्रेटरी मिलिंद, इथल्याच हेब्बाळच्या एका कंपनीत इंजिनियर, नाशिकहून येऊन इथे पंधरा वर्षं झाली त्याला, तो एका हाताने स्वतःचं पोट धरून दुसऱ्या हाताने फोन लावत होता. त्याची सहा वर्षांची प्रार्थना माझ्या पायाशी ओकली. हयग्रीवरावांना दवाखान्यात नेऊन सलाइन लावलं, आणखी सहा जणांना लावलं. डॉक्टर म्हणाले, खाण्यातून विषबाधा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळे घरी आले. कुणाला कायमचं काही झालं नाही, हे देवाचे उपकार.

सगळे दवाखान्याकडे पळाले तेव्हा मी बागेत एकटी उरले. आवरायचं म्हणून टबाजवळ गेले. तळाशी बोटभर पानक होतं. टबाची आतली चमक पार गेली होती. पानक जिथवर भरलं होतं तिथवर मळका करडा रंग, त्याच्या वर अजून चकचकीत. मधे सरळ रेघ. मी बोट बुडवून जिभेला लावलं. गोड लागलं, आणि मागून जीभ आकसली, नाणं चोखल्यासारखी.

मला कळलं. सगळं एकदम कळलं, समीकरणासकट. सोळा तास लिंबाच्या रसाने त्या टबाचं जस्त खाल्लं होतं आणि ते मी माझ्या हाताने पळीपळीने वाढलं होतं. जंतूंमुळे उलट्या व्हायला सहसा तासन्‌तास जातात. अर्ध्या तासात असं जस्तच करतं.

आणि मला काही वाटलं नाही. खरंच सांगते. मी उरलेलं पानक गटारात ओतलं, टब धुतला आणि घरी आणून मागच्या अंगणात पालथा घातला. मग हात धुऊन बसून राहिले. मनात फक्त एवढंच आलं, की विश्राम असते तर हंड्याला कल्हई झाली असती. त्यांच्यावर रागही धरून पाहिला. तोही फार वेळ टिकला नाही.

त्याच रात्री असोसिएशनच्या ग्रुपवर मिलिंदचा मेसेज आला. उन्हाळ्यात भिजवलेली डाळ लवकर विटते, कोसंबरीतूनच हे झालं असावं, पुढे कळवेपर्यंत नागरत्ना यांच्याकडून कुणी पदार्थ मागवू नयेत. खाली पन्नास अंगठे. मी तो मेसेज दोनदा वाचला. मिलिंदची प्रार्थना काकडीच्या वासानेही पळते, तिने कोसंबरीला हात लावला नव्हता, ती फक्त पानक प्यायली होती. हे त्याच्या घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. मी फोन पालथा ठेवला.

नागरत्ना दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी आली. भाकरी केल्या, सांबार केलं. तिसऱ्या दिवशी कुणाची तरी वास्तुशांत तिच्याकडून काढून दुसऱ्या केटररला दिली. चौथ्या दिवशी एका डोहाळजेवणाचं तिला ‘नको’ म्हणून सांगितलं, तेही फोनवर, तीन शब्दांत. हे सगळं मला भाजीवाल्याकडून कळत होतं. ती काही बोलत नव्हती. मी ओट्याजवळ खुर्ची टाकून तिच्या पाठीकडे बघत बसायची. सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. रोज सकाळी मी ठरवायची, आज. मग ती “येते, मिस,” म्हणून निघून जायची आणि मी पेपर उघडायची. भीती होती का? असेल. एकतीस वर्षांची ‘मिस’ एका दिवसात पुसली जाईल याची असेल. पण भीतीसुद्धा मला नीट जाणवत नव्हती. नुसतं जड होतं सगळं.

दुपारी मी वाचत बसायची. असल्या मुलाम्यात जस्त एकटंच असतं असंही नाही, कधी थोडं शिसं असतं, कॅडमियम असतं, आणि ते शरीरातून सहजी जात नाही. मुलामा विस्तवावर फार तापला तर धूर छातीत जातो, हुडहुडी भरून ताप येतो. मला एक विद्यार्थी आठवला, त्याचे वडील वेल्डर. जी.आय. पाइप जोडले की संध्याकाळी घोंगडं घेऊन झोपायचे. त्याच्यावरून मी वर्गात धडा घेतला होता. सगळ्या मुलांना समजला होता.

नवव्या दिवशी मागच्या अंगणात ठोकण्याचा आवाज आला. जाऊन पाहिलं तर नागरत्ना पालथ्या टबावर खिळा धरून विश्रामांच्या हातोडीने भोकं पाडत होती. चार पाडून झाली होती.

“हे काय करतेस?”

“माती घालून कढीपत्ता लावते, मिस. पुन्हा कुणी चुकून खायचं-प्यायचं ठेवायला नको.”

ती पाचवं भोक पाडू लागली.

“तुला माहीत होतं,” मी म्हटलं.

“तुम्हालाही माहीत होतं ना, मिस? टब घासून पालथा घातलात तेव्हाच मला कळलं. तुम्ही भांडी घासून ठेवता कधी?” तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं.

“मग तू कुणाला सांगितलं का नाहीस?”

“मी सांगून कोण ऐकणार? मला वाटलं, तुम्ही सांगाल. आज सांगतील, उद्या सांगतील.” तिने खिळा उपसून काढला. “एकीला सांगितलं मी, शरण्याला. तिला कुणीतरी ग्रुपवरचा तो मेसेज दाखवला होता. फोनवर मला ओरडली, उन्हात डाळ किती वेळ ठेवलीस म्हणून. मी म्हटलं, डाळ नाही गं, तो टब. तर म्हणाली, अम्मा, मिसना तुझ्यापेक्षा जास्त कळतं. स्वतःची चूक त्यांच्यावर ढकलू नकोस. तेव्हापासून बोलत नाही माझ्याशी.”

एवढं बोलून ती माती आणायला गेली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. असोसिएशनच्या खोलीत मीटिंग होती. मी विश्रामांच्या हत्यारांच्या पेटीतले मूठभर जी.आय.चे वॉशर आणि चार लिंबं घेऊन गेले. पंचवीसेक माणसं होती. मी उभी राहून कन्नडमध्ये सांगितलं, मग मिलिंदकडे वळून मराठीत सांगितलं, की कोसंबरीचा काही संबंध नाही, पानक मी केलं, टब मी आणला, नागरत्ना नको म्हणत असताना मी त्यात लिंबू घातलं.

मग हयग्रीवराव हात जोडून म्हणाले, “मिस, एका बाईचं पोट जातंय म्हणून तुम्ही दोष अंगावर घेताय. असं मन कुठे असतं आजकाल?”

“खरंच, काकू,” मिलिंद म्हणाला (मराठीत बोलताना तो मला काकूच म्हणतो), “तुमचं मन फार मोठं आहे.”

“मन नव्हे रे, टब!” मी ओरडले. “मी टबाबद्दल बोलते आहे. मी सुम्ने, उगाच काहीतरी सांगत नाही, बघ इकडे.”

स्टीलच्या पेल्यात लिंबं पिळून मी वॉशर टाकले आणि पेला त्याच्या नाकाशी धरला. थोड्या वेळाने वॉशरांवर बारीक बुडबुडे दिसू लागले. मी त्याला विचारलं, तुझ्या प्रार्थनेने कोसंबरी खाल्ली होती का? तो पेल्याकडे बघत राहिला. इंजिनियर माणूस, त्याला पटायला वेळ लागला नाही.

“अरे बापरे,” तो म्हणाला. “आम्ही गच्चीवर बार्बेक्यू करतो त्याची जाळीपण जी.आय.चीच आहे, काकू.”

“आज भंगारात टाक ती.”

“टाकतो.” मग सगळ्यांकडे बघून त्याने आवाज चढवला. “चला, कारण कळलं, बरं झालं. मिसनी मुद्दाम तर केलं नाही. पुढच्या वर्षी असोसिएशनच एक मोठं स्टीलचं पातेलं विकत घेईल. पण पानक मात्र मिसच्याच हातचं!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला, टाळ्या. कुणीतरी चहाही आणून दिला.

“आणि नागरत्ना?” मी विचारलं.

“तो मेसेज काढून टाकतो ना मी.” त्याने आवाज खाली आणला. “पण काकू, लोकांच्या मनात एकदा बसलं की जरा अवघड असतं. आता तिच्या हातचं खाताना प्रत्येकाला ते दुपारचं आठवणार. थोडे दिवस जाऊ देत.”

त्रेचाळीस माणसांना ओकायला लावणारी मी, माझ्या हातचं त्यांना पुढच्या वर्षीही चालणार होतं. मी चहा तसाच ठेवून घरी आले. पुढच्या वर्षी पानक करणार नाही, तुम्ही नागरत्नाला बोलवाल त्या दिवशी मलाही बोलवा, असं ग्रुपवर लिहिलं. खाली पुष्कळ जोडलेले हात आले.

सोमवारी नागरत्ना आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं, टाळ्यांसकट. तिने तव्यावरच्या भाकरीला पाण्याचा हात फिरवला, ती उलटली.

“पोटापुरतं मिळेल, मिस. पलीकडे विजयनगर भागात स्वयंपाकाची दोन घरं बघून ठेवली आहेत. तिथे मला कुणी ओळखत नाही.” मग गॅस बारीक करून पहिल्यांदा तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. “लेआउटचं राहू दे. शरण्याला सांगाल? माझं ती ऐकणार नाही. तुमचं ऐकेल.”

तेव्हा कुठे मला काहीतरी वाटलं. लाज होती ती. पंचवीस माणसांपुढे मला आली नव्हती. मी तिथेच, ओट्याजवळूनच शरण्याला फोन लावला. स्पीकरवर टाकला. नागरत्ना पदराला हात पुसत जवळ आली.

“नमस्कार, मिस!” शरण्याचा आवाज आनंदाचा होता. “मीच करणार होते तुम्हाला फोन. अम्माने उत्सवात जे करून ठेवलं त्याबद्दल मला फार वाईट वाटतंय. तुमचं इतक्या वर्षांचं—”

“शरण्या,” मी तिला थांबवलं. वर्गात मी असंच थांबवायची. “दहावीचा जस्ताचा प्रयोग आठवतो?”

“आठवतो की, मिस.” ती हसली. “जस्ताची आम्लाशी अभिक्रिया होते. जस्त विरघळून क्षार तयार होतो, हायड्रोजन वायू बाहेर पडतो, जळती काडी नेली की पॉप आवाज येतो.”

“आणि जी.आय.वर मुलामा कशाचा असतो?”

“जस्ताचा.”

“लिंबात काय असतं?”

“सायट्रिक आम्...”

तव्यावर भाकरी करपत होती, तिचा वास आला, पण गॅस बंद करायला आमच्यापैकी कुणी हललं नाही. मग तिचा आवाज आला, अगदी बारीक.

“अम्मा आहे का तिथे? अम्माला फोन द्या, मिस.”